दादाने भरलेला वाटा

प्रश्न सात. बहिणीच्या लग्नाच्या पोशाखाचं माप चालू असताना थोरलीने काय करायला हवं होतं?
(अ) गप्प बसायला हवं होतं.
(ब) गप्पच बसायला हवं होतं.
(क) चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जायला हवं होतं.
(ड) यांपैकी एकही नाही.

पहिलाच प्रश्न सातवा कसा म्हणून गोंधळू नका. थोरलीच्या शाळेत आता परीक्षा टॅबवर होतात आणि ते यंत्र दर वेळी प्रश्न पत्त्यांसारखे पिसून टाकतं. क्रमांक इकडचे तिकडे झाले तरी गोष्ट सरळच जाणार आहे.

तर, खोलीच्या मधोमध धाकटी दोन्ही हात पसरून उभी होती आणि आई तिच्याभोवती फिरत होती, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

"श्वास रोखून धरू नकोस गं," टाचण्यांच्या फटीतून आई म्हणाली. "मोकळा सोड. रोखलेल्या श्वासावर माप चुकतं."

"बारीक दिसायला बघतेय मी."

"मग बिस्किटं सोड. श्वास रोखून कोण बारीक झालंय?"

धाकटी खळखळून हसली, टेप सुटला, आई लटकं रागावली... आणि खिडकीपाशी वह्या चाळत बसलेल्या थोरलीला ते हसणं इतकं गोड वाटलं, की ते आता आपल्याच तोंडून निघणाऱ्या एका वाक्याने थांबणार आहे या जाणिवेने तिने हातातली वही मिटली. पण लग्न तोंडावर आलं होतं. आज नाही तर कधी?

आई शिवणकाम करायची. अख्ख्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ. कोणाचा खांदा उतरता, कोणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड, सगळं डोक्यात. फक्त एका माणसाचं माप तिने गेली कित्येक वर्षं घेतलं नव्हतं. थोरली आपले कपडे दुकानातून तयार घ्यायची. ते कधी खांद्यावर सैल पडायचे, कधी दंडाला काचायचे. आई बघायची, पण टेप उचलायची नाही.

"लग्नाआधी तुम्ही दोघं एकदा रक्त तपासून घ्या ना," थोरली म्हणाली. आवाज होईल तितका साधा ठेवून. "तू आणि तो. एका सुईचं काम आहे. दादाला जे होतं..."

टेप जागच्या जागी थांबला.

"आज त्याचा विषय काढू नकोस," आई म्हणाली.

"आई, थॅलेसेमिया असाच नाही होत. आई आणि बाबा दोघांच्याही रक्तात तो लपलेला असावा लागतो. ते स्वतः ठणठणीत असतात, त्यांना वाहक म्हणतात. म्हणजे तू आणि बाबा वाहक होतात. आणि मग धाकटीही..."

"डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं मला!" आईने तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या. "चारांत एक. नळ्या लावलेल्या लेकराला मांडीवर घेऊन मी ऐकलंय ते. चारांत एक! माझा एक गेला. आपल्या घराचा वाटा भरला त्याने, माझ्या बाळाने भरला! त्याच्यानंतर तुम्ही दोघी झालात, दोघी खणखणीत. आता पुन्हा काय तपासायचंय?"

"ते तसं नसतं गं..."

"शाळेत शिकव ते! आणि त्या मुलाकडे कळलं, की या घरातल्या पोरीचं रक्त तपासायला लागतं, तर उभा राहील का तो दारात?"

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. वाटलं, ही गणिताची बाई आहे, हिला तरी कळेल. पण धाकटीचे पसरलेले हात आता खाली आले होते आणि डोळे भरले होते.

"स्वतःचं मोडलंस ना ताई? सोन्यासारखा माणूस होता. पूल बांधायचा. 'मला नाही आवडत तो' एवढं एक वाक्य बोलून परत पाठवलास त्याला. बाबा त्यानंतर तुझ्याशी धड बोललेसुद्धा नाहीत, तसेच गेले. आणि आता... आता माझं बघवत नाही का तुला?"

टाचण्यांची डबी आईच्या हातून सुटली की तिने आपटली, कोण जाणे. थोरली खाली बसून एकेक टाचणी वेचू लागली. खाली बघण्यासारखं काहीतरी होतं, हीच काय ती दया!

प्रश्न तीन. टीप लिहा: पूलवाला.

(यंत्रावर हा प्रश्न देता येत नाही. त्याला टिपा वाचता येत नाहीत. पर्याय दिल्याशिवाय त्याला माणूस कळत नाही.)

थोरली तेव्हा जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. पूलवाला नुकता नोकरीला लागला होता. चहाच्या कपावर चमचा आडवा ठेवून तो तिला भार कुठून कुठे जातो ते समजावायचा आणि ती चहा गार होईपर्यंत ऐकायची. लग्न ठरलं. दोन्ही घरं खूश. एक दिवस ती त्याला म्हणाली, "माझा मोठा भाऊ रक्ताच्या आजाराने गेला. मला वाटतं आपण दोघांनी तपासून घ्यावं."

तो हसला. बाही वर करून म्हणाला, "घे. सगळं तुझंच आहे."

दोघंही वाहक निघाली.

दवाखान्यासमोरच्या बाकावर दोघं बसली होती. तो म्हणाला, "घरी सांगू. दोघं बसून ठरवू." आणि तिला एकदम तिची आई दिसली, वाटा भरला या एका शब्दाच्या आधारावर उभी राहिलेली, त्या शब्दाच्या जोरावर पुन्हा हसायला शिकलेली. तो शब्द खोटा आहे हे तिला सांगायचं? दोन वेण्या घालून शाळेत जाणारी धाकटी दिसली. या घरातल्या पोरींचं रक्त वाईट अशी बोंब एकदा उठली की उद्या तिच्या दारात कोण येणार? थोरलीने त्याच बाकावर, त्या एका संध्याकाळी, सगळ्यांच्या वतीने निर्णय घेऊन टाकला. त्याच्याकडून शब्द घेतला, की कारण कोणाला सांगायचं नाही. घरी येऊन म्हणाली, "मला तो आवडत नाही."

जगातलं सगळ्यात मोठं खोटं ती चार शब्दांत बोलली आणि ते पटलंही सगळ्यांना!

पूलवाल्याने पुढे कुठे कुठे पूल बांधले, यथावकाश संसारही मांडला. थोरलीने शाळा धरली. दर वर्षी दहावीच्या मुलांना ती आनुवंशिकतेचा धडा इतका जीव ओतून शिकवायची, की मुलं आपापल्या घरी जाऊन आईबापांना तपासणीबद्दल विचारायची. शाळेत सगळं बोलायची आणि घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप.

दादा तिला थोडाच आठवायचा. फिकट चेहरा, पुढे आलेलं पोट, आणि रक्ताच्या बाटलीकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "बघ, मी सरबत पितोय, पण हाताने!"

प्रश्न बारा. रिकामी जागा भरा. त्या आठवड्यात धाकटी थोरलीशी ______ बोलली नाही.

एक अक्षरही. दोघी एकाच घरातून एकाच शाळेत जायच्या, मागेपुढे चालत. स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलंच.

"भांडलात का गं?" भाषेच्या बाईंनी डबा उघडत विचारलं. त्या निवृत्तीला टेकल्या होत्या आणि टॅबवर त्यांचा जुना राग होता. "सांगते ऐका, हे यंत्र आल्यापासून माणसं बोलेनाशी झाली. पूर्वी गठ्ठे तपासताना आपण मुलांची उत्तरं एकमेकींना वाचून दाखवायचो, पोट धरून हसायचो. आता सगळं तो पोपटच तपासतो."

पोपट म्हणजे ते परीक्षेचं यंत्र. उत्तर दाबलं की ते टुकटुक असा आवाज करायचं, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. चुकलं की मुलं ओरडायची, "झाला, पोपट झाला!" पण थोरलीला ते आवडायचं. वर्गाने कुठे काय समजून घेतलं आणि कुठे नुसती मान डोलावली, ते समोरच्या पडद्यावर रंगीत खांबांतून तिथल्या तिथे दिसायचं. हिरवा खांब बरोबर, लाल चूक. आणि चुकांमध्येही एक चूक उंच उभी राहिली, की कळायचं, इथे मुलांचं दुर्लक्ष नाही, इथे कुठलीतरी पक्की समजूत घर करून बसली आहे.

मुख्याध्यापिकांनी पोपटासाठी एक नियम घातला होता. प्रश्न एका शिक्षकाने टाकायचा, त्याचं बरोबर उत्तर दुसऱ्याने लावायचं, खाली एका ओळीत कारणही लिहायचं. प्रश्न टाकणाऱ्याला ते उत्तर परीक्षा होईपर्यंत दिसत नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या डोळ्याला खुपावी म्हणून ही दोन हातांची पद्धत. आनुवंशिकतेच्या धड्यात शक्यतेचं गणित येतं, म्हणून थोरलीच्या प्रश्नांना उत्तरं लावायचं काम धाकटीकडे होतं.

आणि शक्यता शिकवावी तर धाकटीनेच! ती खिशातून नाणं काढायची. "सलग पाचदा छापा पडला. आता सहाव्यांदा?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "काटा!" मग ती नाणं कानाशी नेऊन ऐकल्यासारखं करायची आणि म्हणायची, "मी विचारलं याला. याला आधीचं काहीच आठवत नाही. नाण्याला आठवण नसते, पोरांनो!"

त्या दिवशी ती थोरलीकडे पाठ करून बसली होती. थोरलीचे प्रश्न तिच्या टॅबवर येत होते आणि ती भराभर उत्तरं लावत होती... टुक, टुक, टुक... डोळ्यांतलं पाणी पुसायलाही न थांबता.

प्रश्न नऊ. आई आणि बाबा दोघेही थॅलेसेमियाचे वाहक आहेत. त्यांचं पहिलं मूल आजारी आहे. दुसरं मूल आजारी असण्याची शक्यता किती?
(अ) शून्य
(ब) चारांत एक
(क) चारांत तीन
(ड) शंभर टक्के

हा मात्र परीक्षेतलाच प्रश्न.

परीक्षा संपली, थोरलीने पडदा उघडला. आठवा प्रश्न, हिरवा. दहावा, हिरवा. नववा... सगळा वर्ग लाल! जवळजवळ प्रत्येकाने चारांत एक दाबलं होतं आणि पोपटाने प्रत्येकाला चूक दिलं होतं.

"बाई, हे काय!"

"बाई, तुम्हीच शिकवलंत ना चारांत एक?"

"माझं बरोबर आलं! मी तर डोळे मिटून दाबलं होतं!"

"बाई, आज पोपटाचाच पोपट झाला!"

वर्ग डोक्यावर घेतला मुलांनी. थोरलीला वाटलं, रागाच्या भरात धाकटीचं बोट घसरलं असेल. तिने उत्तर उघडलं. बरोबर उत्तर: शून्य. खाली कारणाची ओळ होती.

'चारांतला एक होऊन गेला.'

बोट घसरलं नव्हतं. हे आईचं वाक्य होतं! पाळण्यातल्या गाण्यासारखं धाकटीच्या कानात गेलेलं, तिच्या सगळ्या पदव्यांच्या खाली शांत झोपलेलं. परक्या नाण्याला आठवण नसते हे जिला पाठ होतं, तिने आपल्या घराच्या प्रश्नाला मात्र डोळ्याचं पातं न लवता घरचं उत्तर लावलं होतं.

मुलांना सुट्टी दिली. लावलेलं उत्तर बदलायचं तर ज्याने लावलं त्यानेच यावं लागे. निरोप गेला. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"काय आहे? मला तास आहे."

"नवव्याचं उत्तर चुकलंय."

"माझं? शक्यतेचं?" आठवड्यातलं हे पहिलं बोलणं. ती तरातरा पुढे आली आणि पडद्यावरचं वाचू लागली. "दोघे वाहक. चारांत एक आजारी. पहिलं आजारी झालं, म्हणजे चारांतला एक होऊन गेला, म्हणजे उरलेले... बरोबरच आहे की! यात काय..."

"नाण्याला आठवण असते का गं?" थोरलीने हळूच विचारलं.

धाकटीचा हात सवयीने खिशातल्या नाण्यावर गेला... आणि तिथेच थांबला. बाहेर मैदानावर मुलांचा गलका चालला होता. रिकाम्या वर्गात प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"नसते," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "नसते ना..."

तिने खडू उचलला. फळ्यावर चौकोन काढला, त्याचे चार भाग केले. एक आजारी. दोन वाहक. एक पूर्ण मोकळा. "म्हणजे दादाच्या वेळी चारांत एक. तुझ्या वेळी पुन्हा चारांत एक. माझ्या वेळी पुन्हा..." खडू अडखळत होता. "दर वेळी नवीन चौकोन. आईने तीनदा..." मग शिक्षकाच्या सवयीने हात पुढचं गणित करू लागला. "मी आजारी नाही, हे माहीत आहे. म्हणजे हे घर पुसलं. उरली तीन. त्यांतली दोन वाहक. ताई, तिनांत दोन! माझी वाहक असण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त आहे..."

"हो."

"आणि तुझी?"

"माझी शक्यता नाही. मी आहे."

"तू कधी..." खडू तिच्या बोटांत मोडला. फळ्यावरून तिचे डोळे थोरलीच्या चेहऱ्यावर आले, तिथेच थांबले, आणि तिने न सांगता तेही गणित सोडवलं. "पूलवाला...?"

"तोही."

"म्हणजे तुला तो आवडत होता!"

"वेडे..." थोरली हसायला गेली आणि इतक्या वर्षांत जे कधी कोणासमोर फुटलं नव्हतं ते फुटलं. "जीव होता गं माझा त्याच्यावर! चहा गार व्हायचा माझा..."

धाकटी पहिल्या बाकावर मटकन बसली. "आणि मी त्या दिवशी काय बोलले तुला... ताई, मी काय बोलले!"

"तुला ठाऊक नव्हतं."

"का नव्हतं?" तिने एकदम मान वर केली. डोळ्यांत पाणी आणि आग एकत्र. "का नव्हतं ठाऊक मला? माझ्यासाठी केलंस म्हणतेस? मी मागितलं होतं का? तू गप्प राहिलीस म्हणून आज मी डोळ्यांवर पट्टी बांधून लग्नाला उभी राहणार होते! सगळ्या गावाच्या पोरांना शिकवलंस गं तू. एक मीच परकी होते का?"

आपला त्याग थोरलीने आजवर नेहमी एकाच बाजूने पाहिला होता. ज्या बाजूने तो धाकटीच्या अंगावर पडत होता, ती बाजू आज पहिल्यांदा दिसली. ती बाकाजवळ गेली, खडूने माखलेला तो हात तिने आपल्या गालाला लावला आणि एवढंच म्हणाली, "चुकलं माझं."

दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून रडल्या. घंटा झाली, दारात मुलं गोळा झाली. धाकटीने डोळे पुसले, नवव्या प्रश्नाचं उत्तर बदललं, आणि सगळा लाल वर्ग एका क्षणात हिरवा झाला.

"पोरांनो," ती नाक ओढत म्हणाली, "पोपट माझा झाला होता."

प्रश्न पाच. प्रात्यक्षिक. साहित्य: बटणांचा डबा.

"आई, सोड ते शिवण. इकडे बस," धाकटी घरात शिरताच म्हणाली.

"राहू दे गं," थोरलीने तिचा दंड धरला. "तिचा तेवढाच आधार आहे..."

"पुन्हा गप्प बसणार आहेस?"

थोरलीने हात सोडला.

धाकटीने आईच्या डब्यातून तीन पांढरी आणि एक काळं बटण निवडलं, रिकाम्या कपात टाकलं आणि कप आईपुढे धरला. "न बघता एक काढ."

"लहान आहे का मी आता?"

"काढ ना गं."

आईने काढलं. पांढरं. धाकटीने ते घेऊन परत कपात टाकलं.

"परत कशाला टाकतेस? निघालं ना ते?"

"इथेच तर आपली चूक झाली, आई. निघालेलं बटण बाहेर राहत नाही. दर वेळी ते परत कपात जातं. दर बाळाच्या वेळी कप पुन्हा भरलेला असतो. डॉक्टर ते म्हणाले होते. आपण ऐकलं वेगळं."

आईने पुन्हा हात घातला. काळं. धाकटीने ते परत टाकलं, कप हलवला. आईने पुन्हा काढलं आणि मूठ उघडली. तळहातावर पुन्हा तेच काळं बटण होतं. आई त्याच्याकडे बघतच राहिली.

"पुन्हा आलं..."

"येऊ शकतं."

"म्हणजे तुम्हा दोघींच्या वेळी मी असाच हात घातला होता? भरल्या कपात?" तिचा आवाज खोल गेला. "वाटा भरला नव्हता?"

"वाटा नसतोच, आई."

"मग माझ्या बाळाने... इतकं सोसलं त्याने... ते कोणाचं भरलं त्याने? कशासाठी गेला तो?"

थोरली पुढे झाली, आईच्या पायाशी बसली. "त्याने कोणाचं काही भरलं नाही गं. तो काही फेडायला आला नव्हता. तो आपला दादा होता, हाताने सरबत पिणारा. एवढंच."

आई रडली. कित्येक वर्षांपूर्वी मुलगा गेला तेव्हा ज्या शब्दाने तिला अर्ध्यात गप्प केलं होतं, त्याच्या पलीकडचं सगळं आज रडली. मग धाकटीने एका दमात बाकीचं सांगितलं, बाक, पूलवाला, चार शब्दांचं खोटं. आई थोरलीकडे बघत राहिली, जणू अंगावर घातलेला कपडा उलटा होता हे आत्ता दिसावं तशी. उठली, मशीनवर जाऊन पाठमोरी बसली आणि पायडल मारू लागली. मशीन चालत होतं, पण सुईत दोराच नव्हता.

बऱ्याच वेळाने पाय थांबले.

"चष्मेवाल्याला बोलाव," ती न वळता म्हणाली. "मी सांगते त्याला. मीच लपवत आले, मीच सांगेन."

चष्मेवाला म्हणजे धाकटीचा होणारा नवरा. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. सगळं ऐकताना तो चष्मा काढून पुसत राहिला. पुसून पुसून काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिला. धाकटी दाराला धरून उभी होती.

"काकू," तो शेवटी म्हणाला, "डोळे तपासल्याशिवाय मी कोणाला काच लावून देत नाही. आणि स्वतःच्या लग्नाला मात्र असाच निघालो होतो. धंद्याला लाज आणली मी. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन येतो आम्ही."

"आणि... दोघंही निघालात तर?" आईने विचारलं.

"भीती वाटते, नाही कशाला म्हणू?" त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि धाकटीकडे नीट पाहिलं. "तर दोघं बसू. डॉक्टरांना विचारू, काय काय करता येतं ते. मग ठरवू. पण दोघं मिळून हं. हिने एकटीने ठरवायचं नाही आणि मीही नाही."

थोरली चहा बघायच्या निमित्ताने आत गेली. ओट्याला धरून उभी राहिली. दोघं बसून ठरवू... हेच, अगदी हेच शब्द त्या बाकावर कोणीतरी तिला दिले होते! आणि तिने दुसऱ्याच्या हातातला टॅब ओढून घेऊन त्याचंही उत्तर आपणच दाबलं होतं. तिला वाईट वाटलं, खूप. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक हलकेपण होतं. तिच्या बहिणीला तरी एकटीने काही दाबावं लागणार नव्हतं.

प्रश्न एक.

धाकटी: वाहक. चष्मेवाला: वाहक नाही.

"म्हणजे मुलांना आजार नाही होणार?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही आई. फार तर माझ्यासारखी वाहक होतील. ठणठणीत. आणि त्यांना आम्ही मोठं झाल्यावर सांगू."

"मोठं होईपर्यंत कशाला थांबता? मीच सांगेन. बटणं आहेत माझ्याकडे."

चष्मेवाला म्हणाला, "काकू, तुम्हाला आमच्या दुकानाशेजारी बसवतो. मी नंबर काढतो, तुम्ही बटणं काढा." आणि त्या घरात बऱ्याच दिवसांनी चौघं एकदम हसली.

तो गेला. धाकटी त्याला पोचवायला खाली उतरली. थोरली खिडकीपाशी बसून उद्याच्या परीक्षेचे प्रश्न टाकायला लागली. मागे आईची पावलं वाजली.

"ठेव तो टॅब. ऊठ."

"काय झालं?"

"ऊठ म्हणते ना. मधे उभी राहा. हात पसर."

आईच्या गळ्यात टेप होता. थोरलीला उठवेना. मग उठली. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने हात पसरले, शाळेतल्या बाईंसारखे नाही, दोन वेण्यांतल्या पोरीसारखे. खांद्यावर टेपचं गार टोक टेकलं.

"खांदे बघ कसे झालेत!" आई पुटपुटत होती. "दुकानातले झगे घालून घालून अंगाचा आकार विसरलीस. कोणी बघायला नव्हतं होय गं तुला? मी नव्हते?" तिचा आवाज मोडला, पण टेप हलला नाही. "धाकटीच्या लग्नात माझी थोरली तयार कपड्यात उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

थोरलीने डोळे घट्ट मिटले. रडू येऊ नये म्हणून छाती भरून श्वास घेतला आणि तो आत तसाच धरून ठेवला.

आईचे हात थांबले. तिने टेप सैल केला, तळवा लेकीच्या पाठीवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाली,

"सोड गं बाळा. किती वर्षं धरलायस... सोड तो श्वास. माप चुकतं."